शंकासमाधान : उपकाराचे ऋण आणि उपचाराची मुदत

शंका : मी वागळे इस्टेटीतील एका कारखान्यात हिशेबाचे काम करते. आईच्या निधनाने मन इतके खचले की मानसोपचार घेणे भाग पडले. त्याला आता नऊ वर्षे होत आली. ज्या बाईंकडे मी जाते त्यांनीच मला उभे केले. परंतु अलीकडे माझ्यानंतर जी व्यक्ती आत जाते तिचा मला मत्सर वाटतो. दिवाळीत बाई रजेवर गेल्या तेव्हा मी मनातून धुमसत राहिले, आणि त्या परतल्यावर मात्र फराळाचा डबा घेऊन गेले. तो त्यांनी सौम्यपणे नाकारला, त्याचेही दुःख झाले. यजमान म्हणतात, ‘आता पुरे.’ आमच्या घरी गुरुचरित्राचे पारायण असते. माझा राग हा गुरुद्रोह होय का? आणि उपचार थांबवला तर मी कृतघ्न ठरेन का?
— एक भगिनी, ठाणे

समाधान : भगिनी, आपला राग हे पातक नव्हे. ज्या व्यक्तीपुढे आपण वर्षानुवर्षे आपला शोक, आपली लज्जा आणि आपली भीती उघड केली, तिच्याविषयी माया, मत्सर व रोष ही तिन्ही एकदम उत्पन्न व्हावीत, हा या उपचाराचा धर्मच आहे. बालपणीच्या नात्यांतील अपुऱ्या अपेक्षा रुग्ण नकळत उपचारकावर आरोपित करतो, हे व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१२ च्या निबंधात विस्ताराने मांडले. आईला घातलेली जी हाक अनुत्तरित राहिली, तीच आपण या बाईंना घालीत असाल, तर त्यांची रजा आपल्याला पुन्हा एकदा पोरके करून गेली यात नवल नाही. त्यांनी डबा घेतला नाही तो आपल्या मायेचा अव्हेर करण्यासाठी नसावा. देण्याघेण्याचा व्यवहार सुरू झाला की रुग्णाला मोकळेपणी रागावता येत नाही, म्हणून पुष्कळ उपचारक हा शिरस्ता कसोशीने पाळतात.

आता गुरुद्रोहाविषयी. गुरुशिष्याच्या नात्यात मानसोपचाराचे भारतीय प्रतिरूप सापडेल काय, याचा विचार मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली एका लेखात गंभीरपणे केला होता. म्हणून आपल्याला हे साम्य जाणवले यात वावगे काही नाही. तथापि दोहोंतील भेद विसरता कामा नये. गुरूपुढे शिष्य समर्पण करतो आणि ते नाते आजन्म मानतो. उपचारकापुढे मात्र शंका घेणे, विरोध करणे, फी परवडत नाही असे स्पष्ट सांगणे, हे सारे रुग्णाचे हक्क आहेत, आणि ते नाते एके दिवशी संपावे याच हेतूने जोडलेले असते.

नऊ वर्षे झाली एवढ्यावरून उपचार फसला असे यजमानांनी ठरवू नये. काही दुखणी दीर्घकाळ सोबत मागतात. परंतु लांबलेल्या नात्यात धोकेही असतात. फ्रॉइड यांनी एका रशियन रुग्णावर १९१० ते १९१४ अशी चार वर्षे उपचार केले आणि अखेरीस स्वतःच समाप्तीची मुदत ठरवून दिली. पुढे तो निष्कांचन झाला तेव्हा त्याच्यासाठी वर्गणीही गोळा केली. त्या साहाय्यात करुणा होती, पण उपचारक आणि आश्रयदाता यांतील मर्यादा पुसली गेली, आणि तो रुग्ण वार्धक्यापर्यंत मनोविश्लेषकांच्या आधारावाचून राहू शकला नाही. १९३७ साली, आयुष्याच्या संध्याकाळी, विश्लेषणाला खरोखर शेवट असतो काय हाच प्रश्न फ्रॉइड यांनी निबंधासाठी घेतला आणि त्यात याच रुग्णाचा दाखला दिला.

म्हणून आपण वर्षे मोजू नयेत. स्वतःला एवढेच विचारावे की, या नऊ वर्षांत त्या खोलीबाहेर माझी माणसे वाढली की कमी झाली, आणि घरातला एखादा कठीण निर्णय मी त्यांना न विचारता घेऊ शकते काय. उत्तर समाधानकारक असेल तर समाप्तीचा विषय आपणच काढावा. नसेल तर तेही त्यांनाच सांगावे. न कळवता जाणे बंद करू नये, कारण निरोप न घेता तुटलेले नाते हेच तर आपले मूळ दुखणे आहे. शेवटच्या काही भेटी केवळ निरोपासाठी राखून ठेवाव्यात.

दुसऱ्याचे मत घ्यावेसे वाटले तर तोही द्रोह नव्हे. १९०१ सालापासूनचे ठाण्याचे मनोरुग्णालय आपल्यापासून दूर नाही, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली मानसिक आरोग्याची संस्थाही ठाण्यातच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील कलम २३ गोपनीयतेचा आणि कलम २५ आपल्या उपचाराच्या नोंदी मागण्याचा हक्क देते. आपल्या बाईंविषयी तशी तक्रार दिसत नाही. परंतु कोणत्याही उपचारकाने रुग्णाच्या भक्तीचा फायदा घेऊन पैसा, शरीरसंबंध वा खासगी सेवा मागितली, तर कृतज्ञतेपोटी मौन धरू नये. मनोविकारतज्ज्ञाविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, नोंदणीकृत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाविरुद्ध भारतीय पुनर्वास परिषदेकडे दाद मागावी.

पारायण अवश्य चालू ठेवावे. गुरुभक्तीचा नियम मात्र या उपचाराला लावू नये. पुढच्या भेटीत प्रथम दिवाळीतला राग सांगावा, मग मत्सर, आणि त्यानंतर थांबण्याचा प्रश्न. बाईंनी आपल्याला बोलते केले. त्यांच्याविषयीचे अप्रिय सत्यही आपण त्यांच्याच समोर बोलू शकलात, तर त्यांचे ऋण मानण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही.