निपुत्रिक तो, वांझ ती

लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, तर पहिली तपासणी कोणाची होते? नवस कोण बोलते, सोमवार कोण धरते, हळदीकुंकवाला गेल्यावर चार बायकांच्या नजरा कोण झेलते? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. फावल्या वेळात अनुवादाची सेवा करतो. मध्यंतरी आरोग्यावरच्या एका मजकुराचा अनुवाद करताना मी अडलो. ज्या पुरुषाला शुक्राणूंच्या कमतरतेमुळे मूल होत नाही, त्याला आपल्या बोलीत काय म्हणायचे? बाईसाठी ‘वांझ’ आहे, ‘वांझोटी’ आहे, दोन्ही शिव्यांसारखे वापरले जातात. पुरुष मात्र फार तर ‘निपुत्रिक’. त्या शब्दात दोष नाही, नुसते दुर्दैव आहे. दुसऱ्या टोकाला ‘षंढ’ आणि ‘नपुंसक’ हे शब्द आहेत. पण ते वेगळ्या गोष्टीचे. वैवाहिक जीवन अगदी सुरळीत असलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू नसू शकतात. पौरुष आणि पितृत्व या दोन गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबल्या, आणि म्हणून पुरुष तपासणीच्या नावाने बिचकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, कधी एकटे, कधी पत्नीच्या कारणासोबत. म्हणजे नाणे उडवले तरी जितकी शक्यता, तितकी.

बेंगळूरूचा सर्जापूर रोड तुमच्यापैकी काहींच्या परिचयाचा असेल. पुणे, सोलापूर, कोल्हापूर, बेळगावकडून नोकरीसाठी आलेली कितीतरी मराठी जोडपी बेळंदूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्लीच्या इमारतींत राहतात. सकाळी दोघेही त्या वाहतुकीत अडकतात, आणि रात्री गावाकडून फोन येतो, “काही गोड बातमी?” फोन बहुधा सूनबाईच्या हातात असतो. याच रस्त्यावर जिमच्या पाट्या आहेत आणि वंध्यत्व-उपचाराच्याही. या दोन पाट्यांमध्ये एक नाते आहे, ते तरुण साधकांनी जरूर समजून घ्यावे.

शरीर पिळदार व्हावे म्हणून काही मुले टेस्टोस्टेरॉनची किंवा त्याच जातीच्या स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. ‘पुरुषी हार्मोन’ जास्त तर पुरुषपण जास्त, असा सरळ हिशेब. शरीराचा हिशेब मात्र वेगळा चालतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच नावाचे दोन निरोप रक्तातून वृषणांना धाडते. पहिल्या निरोपाने वृषण स्वतः टेस्टोस्टेरॉन बनवतात. दुसरा निरोप आणि तिथल्या तिथे बनलेले ते टेस्टोस्टेरॉन मिळून शुक्राणू घडतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचले की मेंदूला वाटते, माल भरपूर आहे, आणि तो निरोप धाडणेच थांबवतो. वृषण आकसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने याच इंजेक्शनांची पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. १९९० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले होते. इंजेक्शने थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त, आणि सर्वांनाच हमी नसते. मूल हवे असलेल्या पुरुषाने ‘ताकदीसाठी’ हे औषध घेणे म्हणजे बी पेरायच्या आधी रान भाजून काढणे. कोणी घेत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ते बंद करणेही त्यांच्या देखरेखीखाली करावे.

मग हार्मोनचा खरा उपचार कोणता? ज्यांच्या पिट्युटरीतून निरोपच निघत नाहीत, अशा थोड्या पुरुषांसाठी तो आहे, आणि तो चांगला लागू पडतो. त्यांना एचसीजीची इंजेक्शने देतात, ती एलएचचे काम करतात. गरजेनुसार एफएसएचची जोड देतात. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे फळ लवकर दिसत नाही. सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षे इंजेक्शने चालतात. ज्यांचे हार्मोन मुळात ठीक आहेत, पण शुक्राणू कमी आहेत, त्यांना मात्र या इंजेक्शनांचा लाभ होईलच असे नाही. ‘हार्मोनचा कोर्स करू या’ असे कोणी सांगितले, तर ‘माझ्या रक्तात कोणता हार्मोन कमी आहे?’ हे अवश्य विचारा.

ही औषधे आली कुठून, हे वाचून मी थबकलो. एचसीजी हे गरोदर स्त्रीच्या शरीरात तयार होणारे हार्मोन. ते गरोदर स्त्रियांच्या लघवीतून काढले गेले. पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या लघवीत एलएच-एफएसएच भरपूर असतात, म्हणून इटलीत १९५०-६० च्या सुमारास एका औषध कंपनीने मठांतल्या वृद्ध ननची लघवी गोळा केली आणि त्यातून औषध बनवले. संसार सोडलेल्या, मूल न झालेल्या त्या वृद्धांमुळे कितीतरी घरांत पाळणे हलले. पुरुषाला बाप करणारे औषध बायकांच्या देहातून आले, आणि बोल मात्र आजही बाईलाच.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे येतो. अहवालात दोष पतीचा निघाला. आई विचारते, “सूनबाईचं काय म्हणाले डॉक्टर?” आणि मुलगा गप्प बसतो. तो खोटे बोलला नाही. पण त्याच्या गप्प बसण्याने पत्नीवर खोटे लादले गेले. सत्याचे व्रत शब्दांपुरते धरले तर तो सुटतो. माझ्या मते तो सुटत नाही. अहवाल साऱ्या गावाला दाखवा असे मी म्हणत नाही. आपला आजार झाकून ठेवायचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र त्या झाकणाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर असेल, तर तो हक्क उरत नाही. “कारण माझ्याकडे आहे, तिला विचारू नका,” इतके एक वाक्य पुरते. महाभारतात पांडू आपली अडचण कुंतीला स्वतः सांगतो. राजा असून त्याला ते जमले. (त्याच महाभारतात अंबिकेला तिची इच्छा कोणी विचारली नव्हती, हेही विसरू नये.)

आपल्याकडचे उदाहरण जोतीराव फुल्यांचे. सावित्रीबाईंना मूल नव्हते आणि दुसऱ्या लग्नासाठी जोतीरावांवर दबाव होता. दुसरी आणूनही मूल झाले नाही आणि दोष पुरुषाचा असला, तर बाईने दुसरा नवरा केलेला चालेल का, असा उलट प्रश्न त्यांनी केल्याचे चरित्रकार सांगतात. त्या काळात वीर्यतपासणीची सोय कुठे होती! दोष कोणाचा हे कळायचा मार्ग नसताना त्यांनी तो बायकोचा मानायला नकार दिला. पुढे १८७४ मध्ये त्यांच्याच आश्रयाला आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई त्याच्यासोबत रुग्णांची सेवा करत होत्या, आणि त्याच साथीत त्या गेल्या.

साधकांच्या मनात आणखी एक संकोच असतो, तो मोकळेपणाने मांडतो. नमुना देण्याची रीत संयमाच्या विरुद्ध वाटते, म्हणून काही जण तपासणी वर्षानुवर्षे टाळतात. इथे हेतू पाहावा. रक्त देताना आपण हिंसा केली असे मानत नाही. तरीही मन मानत नसेल, तर पती-पत्नीच्या संबंधातून नमुना घेण्यासाठी खास पिशवी मिळते. साधा निरोध चालत नाही. लॅबमध्ये विचारा, त्यांना याची सवय असते. आणि महिनोन्‌महिने संयम पाळल्याने नमुना ‘कसदार’ होतो हा समज सोडा. दोन ते सात दिवसांचे अंतर पुरे, त्याहून फार जुने शुक्राणू मंद होतात.

वाणिज्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की स्वस्त आणि निर्धोक तपास आधी करावा. पत्नीच्या तपासण्यांत गर्भनलिकांचा एक्स-रे असतो, तो दुखतो. दुर्बिणीची तपासणी असते, तिच्यासाठी भूल द्यावी लागते. पतीच्या तपासणीला सुई नाही, भूल नाही, खर्चही त्या मानाने किरकोळ. पहिल्या अहवालात काही कमी आढळले तर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा नमुना द्यावा, कारण एका तापाच्या आजारानेही आकडे खाली येतात. नमुना घरून नेणार असाल तर तासाभरात पोचवायला हवा. सर्जापूर रोडच्या संध्याकाळी ते अवघड. सकाळी लवकर निघा.