चोवीस तास कुणाचे?

अल्सर फुटून जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला भोक पडलं की बहुतेक वेळा ऑपरेशनच करावं लागतं. त्यातून माणूस वाचेल का, याचा अंदाज बांधायला हाँगकाँगचे सर्जन बोई यांनी तीन प्रश्न ठरवले. रक्तदाब आधीच कोसळला आहे का? दुसरा एखादा गंभीर आजार आहे का? भोक पडून चोवीस तास उलटले का? प्रत्येक होकाराला एक गुण. त्यांच्या 1987च्या अभ्यासात शून्य गुणवाले सगळे वाचले, तीन गुणवाले सगळे दगावले. पुढच्या अभ्यासांतले आकडे इतके टोकाचे नव्हते. गुण वाढले की धोका वाढतो, हे मात्र कायम राहिलं.

आपल्याकडे 'हाय रिस्क'च्या कागदावर सही करताना नातेवाईक म्हणतात, नशीब! मला हे पटत नाही. जुना आजार नशिबाच्या खात्यावर टाकू एक वेळ. पण तिसरा गुण आपणच देतो, आणि पुष्कळदा पहिलाही त्याच्याच मागून येतो.

कसा देतो? गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय वेदनाशामक गोळ्या आणायच्या, त्याही उपाशीपोटी घ्यायच्या, आणि अल्सर ओढवून घ्यायचा. कळ आली की सोडा, ओवा, मग गल्लीतलं इंजेक्शन. इथे हा आजार दगाही देतो: काही तासांनी दुखणं थोडं ओसरतं, घरच्यांना वाटतं गुण आला, आणि आत पोटभर जंतुसंसर्ग पसरत असतो. सुनेची कळ असेल तर घरातला कर्ता माणूस येईपर्यंत थांबायचं. हे थांबणं सोशिकपणा म्हणून वाखाणलं जातं, याची मला चीड येते.

दवाखान्यांनीही हात झटकू नयेत. डेन्मार्कमधल्या 2013च्या अभ्यासात, दाखल झाल्यावर ऑपरेशन लांबलेल्या प्रत्येक तासागणिक जगण्याची शक्यता सुमारे 2.4 टक्क्यांनी घटलेली दिसली. उभ्याने काढलेल्या छातीच्या साध्या एक्स-रेत भोकातून निसटून छातीच्या पडद्याखाली साठलेली हवा बहुतेकदा दिसते. तरीही डिपॉझिट भरेपर्यंत रुग्ण स्ट्रेचरवर ठेवणं हा गुन्हाच मानला पाहिजे. जास्त गुण म्हणजे आयसीयूची खाट आधी, अनुभवी सर्जन आधी. रुग्ण पुढे ढकलण्याचं ते निमित्त नव्हे.

पोटात अचानक असह्य कळ येऊन पोट फळीसारखं कडक झालं, तर कुणाच्या परवानगीची वाट न पाहता 108ला फोन करा. आणि कळ किती वाजता सुरू झाली ते डॉक्टरांना खरं सांगा.