जुन्या भिंतीचे ऋण

एच. डी. कोटे तालुक्यात, कबिनीच्या काठी कारापूर येथे म्हैसूरच्या महाराजांची जुनी शिकारकोठी आहे. महाराजांचे बडे पाहुणे इथे उतरत. याच परिसरात, काकनकोटेच्या जंगलात, खेड्डा होत असे. हाकारे रानहत्तींचा कळप नदीकडे रेटत नेत आणि लाकडी कोटात कोंडून पकडत. शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला. १९७४ मध्ये कबिनी धरण उभे राहिले आणि खेड्ड्याची जागा, भोवतालचे रान, कितीतरी गावे पाण्याखाली गेली. कोठी राहिली. आता ती कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्सकडे आहे, आणि हत्ती नुसते पाहण्यासाठी आलेले पाहुणे तिथे मुक्काम करतात.

समजा, उद्या या कोठीसाठी हरित इमारतीचे मानांकन मागितले. काय विचारले जाईल? वीज किती लागते, नळांतून पाणी किती जाते, छपरातून ऊन किती आत येते, सौरऊर्जा आहे का, कचरा वेगळा केला जातो का. हे प्रश्न रास्तच आहेत. जुनी आहे एवढ्यावरून कुठल्याही इमारतीला पाणी वाया घालवण्याचा अधिकार मिळत नाही. पण या प्रश्नांमागे एक गृहीत आहे: इमारतीचा हिशेब आजपासून सुरू होतो. माझे अडते ते इथे.

असे मानांकन जुन्या वास्तूला मिळू शकते, हे मुंबईने दाखवले आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर १८७८ साली बांधायला घेतलेले आणि २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. २०२१ मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलने त्याला सुवर्ण मानांकन दिले. मला ते आवडले. दगडी घुमटाला धक्का न लावता दिवे बदलता येतात, पाणी वाचवता येते. रोज लाखो माणसे जिथून ये-जा करतात, तिथे एवढी बचतही थोडी नव्हे.

अडचण सुरू होते ती निकष भिंतीपर्यंत पोचल्यावर. चुन्यात बांधलेली जाड भिंत ओल शोषते आणि हवेला परत देते. उष्णता अडवण्यासाठी तिच्यावर आवरण चढवले किंवा डागडुजीच्या नावाखाली सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आत कोंडते, क्षार वर येतात, वीट भुगा होऊ लागते. कागदावर आकडे सुधारतात आणि भिंत आतून मरते. म्हणून २००२ च्या युरोपीय ऊर्जा निर्देशाने संरक्षित इमारतींना निकषांतून सूट देण्याची मुभा सदस्य देशांना दिली. पण नुसती सूट देणे म्हणजे प्रश्नाला वळसा घालणे. त्यातून वास्तू वाचते, तिची जबाबदारी मात्र कुणी उचलत नाही.

मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. म्हैसूरकडच्या कथांत ‘तोट्टी मने’ येते: मधोमध आभाळाला उघडा चौक, त्यात पडणारे पाऊसपाणी, भोवती खोल्या. मी ‘चौसोपी वाडा’ लिहिले की वाचकाला घर लगेच दिसते, पण सोबत दिंडीदरवाजा येतो, पेशवाई येते. मूळ घर थोडे निसटतेच. मानांकनाच्या भाषेत तोच चौक ‘नैसर्गिक प्रकाश व वायुवीजन’ होतो. ते खोटे नाही. पण त्या चौकात धान्य वाळत होते, बायका बोलत बसत होत्या, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. अनुवाद केल्यावाचून मला राहवत नाही, तसे निकषांवाचून समाजाचेही भागणार नाही. प्रश्न एवढाच की काय निसटले, याची नोंद आपण ठेवतो का.

यावर हिशेबी उत्तर आहे. अमेरिकेतील नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशनने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नव्या कार्यक्षम इमारतीच्या बांधकामाने हवामानाचे जे नुकसान होते, ते तिच्या ऊर्जाबचतीतून भरून निघायला १० ते ८० वर्षे लागतात. म्हणजे जुने पाडून ‘हिरवे’ बांधणे हा अनेकदा आतबट्ट्याचा व्यवहार. तेव्हा जे टिकवले, त्याचेही गुण द्या. मला हे मान्य आहे.

पण इथे एक अर्थशास्त्री आक्षेप घेईल. जुन्या भिंतीत गेलेली लाकडे, भट्ट्या, श्रम हा खर्च होऊन गेला. गेलेल्या खर्चाकडे पाहून निर्णय घेऊ नये. त्याचे बरोबर आहे. भिंत राखायची ती नवा खर्च टाळण्यासाठी, जुना वसूल करण्यासाठी नव्हे. जुना खर्च कुणालाच वसूल करता येत नाही. काकनकोटेचे रान परत येणार नाही.

तरीही वसूल न होणारी गोष्ट विसरायला मोकळीक आहे, असे मला वाटत नाही. ऋण आणि खर्च यांत फरक आहे. खर्च वहीत मिटतो. ऋण फिटले नाही तरी मान्य करावे लागते. कोठीचे ऋण तर अवघड आहे, कारण ती ज्या हेतूने वापरली गेली तो आज आपल्याला वंद्य नाही. वास्तू राखणे म्हणजे तिच्या मालकाचा गौरव करणे नव्हे. तिने कुणाकुणाकडून काय घेतले, याचा पुरावा ती आहे, म्हणूनही ती राखायची.

याच तालुक्यात जेनू कुरुबा आणि काडू कुरुबा राहतात. नागरहोळेच्या जंगलातून त्यांतली अनेक कुटुंबे बाहेर काढली गेली, तीही निसर्गरक्षणाच्या नावाने. बांबू, माती आणि गवताची त्यांची झोपडी कुठलाही हरित तक्ता सहज जिंकेल. पण अर्ज भरणार कोण, आणि शुल्क कोण देणार? प्रमाणपत्र कोठीला मिळू शकते, झोपडीला नाही. हिरवेपणाचा हा दाखला आधीच ज्याच्याकडे भिंती आहेत त्यालाच मिळतो.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. जुन्या वास्तूत केलेला बदल पुढच्या पिढीला काढता यावा. नवे साहित्य जुन्याशी भांडणारे नसावे. आणि मानांकनाच्या अर्जात विजेच्या आणि पाण्याच्या आधी एक प्रश्न असावा: ही वास्तू उभी राहताना आणि टिकताना कुणाचे काय गेले? त्याला गुण देऊ नयेत. उत्तर मात्र लिहून घ्यावे.