इंजिन स्वतः खोलावे की मुसाखात न्यावे?

मुंबईत राहिलेल्या प्रत्येकाच्या कानावर दोन म्हणी पडलेल्या आहेत. ‘आपला हात जगन्नाथ’ ही मराठी आणि ‘जेनु काम तेनु थाय’ ही गुजराती शेजाऱ्यांकडून आलेली. पहिली सांगते की आपले काम आपणच करावे. दुसरी सांगते की ज्याचे काम त्याने करावे. दोन्ही खऱ्या आहेत, पण एकाच वेळी दोन्ही पाळता येत नाहीत. मोटार बिघडली आणि दुरुस्ती मोठी निघाली, की या दोन म्हणींचे भांडण आपल्या दारात येऊन उभे राहते. वरवर पाहता हा पैशाचा प्रश्न वाटतो. थोडा विचार केल्यास तो नीतीचाही आहे असे दिसेल, म्हणून वाचकांपुढे मांडीत आहे.

विचार भरकटू नये म्हणून उदाहरण एकच घेऊ: हेड गॅस्केट. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचा म्हणजे सिलिंडर हेड. या दोहोंच्या मध्ये पातळ पत्र्यासारखे जे बसवलेले असते ते गॅस्केट. पेटलेला वायू, तेल आणि पाणी यांना एकमेकांत मिसळू न देणे हे त्याचे काम. इंजिन फार तापले की हेड वाकते आणि गॅस्केट दगा देते. येथे इस्राएलमध्ये अशी वेळ यायला उशीर लागत नाही. मृत समुद्र समुद्रसपाटीच्या ४०० मीटरहून अधिक खाली आणि यरुशलेम सुमारे ८०० मीटर वर. ऑगस्टच्या उन्हात जुन्या गाडीने हा चढ चढायचा म्हणजे इंजिनाची परीक्षाच! मग रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागते, मागून पांढरा धूर येतो, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसतो.

यात गोम अशी की गॅस्केट स्वस्त आणि मजुरी महाग, कारण ते बदलण्यासाठी अर्धे इंजिन खोलावे लागते. १९७० आणि १९८० च्या दशकांत ज्या सुबारू गाड्यांनी येथले रस्ते भरून गेले होते, त्यांच्या आडव्या इंजिनाला तर हेड दोन आणि गॅस्केटही दोन. मुसाखवाल्याने आकडा सांगितला की माणूस म्हणतो, “एवढ्या पैशांत मीच का करू नये?” आता हे म्हणण्यामागे काय काय असते ते पाहू.

पहिली गोष्ट काटकसर. ती चांगलीच आहे, पण तिचा हिशेब पुरता असावा. बोल्ट ठराविक जोराने आवळण्यासाठी टॉर्क पाना लागतो. हेड वाकले असेल तर ते यंत्रावर घासून सपाट करावे लागते, आणि ते यंत्र कोणाच्या घरी नसते. म्हणजे स्वतः करणाऱ्यालाही शेवटी एका कारागिराचे दार ठोठवावेच लागते. शिवाय गाडी आठवडाभर उभी राहिली तर बसचे भाडे आणि बुडालेला रोज कोण धरणार?

दुसरी गोष्ट फ्रायर होण्याची भीती. ‘मला बावळट समजून लुबाडतील’ ही धास्ती या देशात आपल्यालाही लागली आहे. कधी कधी ती खरीही ठरते. परंतु मेकॅनिक लबाड आहे एवढ्यावरून मी कुशल आहे असे सिद्ध होत नाही. लबाडीवर उपाय म्हणजे दुसऱ्या मुसाखात विचारणे, काढलेला जुना भाग दाखवा म्हणून सांगणे, खर्च आधी लिहून घेणे. संशयाच्या भरात पाना उचलू नये.

तिसरी गोष्ट मात्र मोलाची आहे, ती म्हणजे हाताने काम करण्याचा आनंद. आपले पूर्वज कोकणात घाण्यावर तेल गाळीत, कोणी सुतारकी करीत. पुढे मुंबईत कित्येकांनी कारखान्यांत आणि रेल्वेत हात काळे केले. वस्तू कशी चालते हे जाणणारा माणूस तिच्यापुढे लाचार नसतो. अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग याने १९७४ साली मोटारसायकलच्या देखभालीवरून तत्त्वज्ञानाचे एक पुस्तक लिहिले. आपुलकी नसलेला कारागीर यंत्राचे कसे वाटोळे करतो हे त्याने त्यात दाखवले आहे. आपली गाडी आपल्याइतक्या जिव्हाळ्याने दुसरा हाताळील याची खात्री नाही, हे खरेच. पण जिव्हाळा म्हणजे ज्ञान नव्हे. आई मुलावर कितीही माया करो, शस्त्रक्रिया डॉक्टरच करतो.

मग निवाडा कसा करावा? माझ्या मते पहिला प्रश्न असा विचारावा: चूक झाली तर तिची किंमत कोण देणार? गॅस्केट चुकले तर इंजिन बंद पडेल आणि खिसा माझा रिकामा होईल. ब्रेक चुकला तर रस्ता ओलांडणारे परके मूल त्याची किंमत देईल. वर्षाच्या टेस्टमध्ये ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि धूर तपासतात. इंजिन आणखी किती वर्षे टिकेल हे कोणी विचारीत नाही. स्वतःचे नुकसान करून घेण्याची मुभा माणसाला बरीच आहे; दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याची मुळीच नाही.

पण ‘माझे नुकसान’ हे तरी माझ्या एकट्याचे असते काय? गाडी घरात एकच असेल, बायको पहाटेच्या पाळीला त्याच गाडीने जात असेल, तर हौस माझी आणि पायपीट तिची होते. तेव्हा आधी तिला विचारावे. पुढे गाडी विकायची झाली तर घेणाऱ्यालाही सांगावे की हे इंजिन मी घरी खोलले होते. हे सांगण्याची ज्याची तयारी नाही, त्याने ते खोलू नये.

मिश्नेतील बाबा कामा या भागाच्या नवव्या अध्यायात असा नियम आहे, की पेटी किंवा कपाट दुरुस्तीला दिले आणि सुताराने ते बिघडवले तर भरपाई त्याने द्यावी. मुसाखात आपण पैसे मोजतो ते केवळ मजुरीचे नव्हेत. ‘बिघडले तर मी जबाबदार’ या शब्दाचेही ते पैसे असतात. घरी काम केले की तो शब्द आपणच आपल्याला देतो, आणि मोडला तर दाद मागायला जागा उरत नाही.

दुसरा प्रश्न: मागे फिरता येईल काय? बिघाड शोधण्यात सहसा धोका नाही. इंजिन थंड झाल्यावर पाणी, तेल पाहावे, ज्याला येते त्याने दाब मोजावा. खोलताना प्रत्येक बोल्ट खूण करून ठेवला तर हेड उतरेपर्यंतही बहुधा सावरता येते. खरी कसोटी जोडताना. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूस, ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावे लागतात. कित्येक गाड्यांत ते पुन्हा वापरायचेच नसतात. टायमिंग बेल्ट एक-दोन दात चुकला तर काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून ते वाकवतो. म्हणून कोठे थांबायचे हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरवावे. अर्धे खोलून झाल्यावर बुद्धीपेक्षा अभिमान मोठा होतो. ‘इतके केले, आता काय थांबायचे?’ या एका वाक्याने जितकी इंजिने मोडली असतील तितकी अज्ञानानेही मोडली नसतील. आणि अखेर मेकॅनिककडे जायची वेळ आलीच, तर काय काय खोलले ते त्याला सरळ सांगावे. लाजेने लपवून त्याचा दिवस फुकट घालवणे हीही एक फसवणूकच.

कोणी म्हणेल, “महाराज, हे सगळे ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला सांगा. ज्याला मुसाख परवडतच नाही त्याने काय करावे?” आक्षेप रास्त आहे. त्याच्यापुढे निवड नसते, नाइलाज असतो. त्याला उपदेश करणे बरे नाही. त्याला सोबत द्यावी. दिमोन्यात, अश्दोदमध्ये, लोदमध्ये आयुष्यभर फिटरचे काम करून निवृत्त झालेली मंडळी आपल्यात आहेत. त्यांना आदराने बोलवावे, चहा द्यावा, खुर्चीवर बसवावे आणि त्यांच्या देखत काम करावे. वर सांगितलेल्या दोन म्हणींचे भांडण मिटते ते अशाच ठिकाणी: हात आपला, नजर जाणत्याची. शेजारी घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी उभी असेल तर तीही शिकेल. आजच्या गाड्यांत अर्धे काम संगणकाचे असल्याने हे जुने ज्ञान लवकरच दुर्मिळ होणार आहे.

तात्पर्य, स्वतः करणे हा सद्गुण नाही आणि दुसऱ्याकडून करून घेणे हा दुर्गुण नाही. आपल्याला काय येते हे खरेपणाने ओळखणे महत्त्वाचे. चुकीची किंमत कोण देणार, कोठे थांबणार आणि झालेले लपवणार की सांगणार, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. ती घरच्यांना वाचून दाखवताना संकोच वाटला नाही, तर खुशाल बाह्या सराव्यात.