पाण्याची इयत्ता

खाडीचे पाणी किती स्वच्छ आहे, हा प्रश्न शास्त्राचा. पण ते कोणासाठी स्वच्छ असावे, हा प्रश्न नीतीचा आहे. या दुसऱ्या प्रश्नाकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

आपल्या देशाच्या मानकांत किनाऱ्यालगतच्या पाण्याचे, उपयोगानुसार, पाच वर्ग केलेले आहेत. पहिल्यात मिठागरे व शिंपल्यांची मासेमारी, दुसऱ्यात पोहणे व व्यापारी मासेमारी, चौथ्यात बंदर. दर १०० मिलिलिटरमागे मैलाजन्य जंतूंची मर्यादा दुसऱ्या वर्गाला १००, तर बंदराला ५००. समजा, एखाद्या नमुन्यात ४०० निघाले. तर तेच पाणी पोहण्यासाठी नापास आणि बंदर म्हणून उत्तीर्ण! एक थेंबही शुद्ध झालेला नसतो. बदललेली असते ती केवळ इयत्ता.

गोराईच्या खाडीचेच पाहा. बोरिवलीकडच्या काठावर १९७२ पासून २००७ पर्यंत मुंबईचा कचरा पडत होता. पुढे तो ढीग शास्त्रीय पद्धतीने झाकण्यात आला. फेरीबोटीने पलीकडे जाणाऱ्या सहलकऱ्याला ही खाडी म्हणजे केवळ वाट. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून कालवे काढणाऱ्या बाईला मात्र ती पहिल्या वर्गाचीच असायला हवी. इयत्ता ठरवताना हिला कोण विचारतो?

व्यवहारी माणूस म्हणेल की, गजबजलेल्या बंदरात बोटी येणार, तेल सांडणार, नाले मिळणार. तेथे तीर्थाचे पाणी मागणे हा भाबडेपणा होय. हे अगदीच खोटे नाही. अशक्य मानक कागदावरच राहते. परंतु मग निदान मोजलेला आकडा तरी त्या बाईपर्यंत पोहोचावा. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याचेच डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ साली सांडपाणी घातलेले अन्न मांजराला देऊन पाहिले. मांजराला तोच रोग जडला. कंपनीने ही गोष्ट दडपली. विषारी सांडपाणी १९६८ पर्यंत समुद्रात जात राहिले आणि कोळी तेथलीच मासळी खात राहिले. होसोकावांनी साक्ष दिली ती १९७० मध्ये, मृत्युशय्येवरून. तेथे मापनाची उणीव नव्हती. माणसे अज्ञानात ठेवली गेली होती. माझ्या मते, मोजून गप्प बसणाऱ्याचा दोष न मोजणाऱ्याहून अधिक आहे.

म्हणून आकडे केवळ दप्तरात न राहता जेटीवरच्या फळ्यावर, मराठीत लागले पाहिजेत. तेही वेळेवर, कारण पाणी किती प्राणवायू ओढते, हे पाहण्यासाठी नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवावा लागतो. तोवर खाडीत पाच-सहा भरत्या येऊन गेलेल्या असतात आणि त्या दिवशीची कालवे केव्हाच बाजारात विकली गेलेली असतात.