अजाण दया

दया हा सद्गुण आहे, याविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. परंतु अजाण दयेलाही सद्गुण म्हणावे काय, हा प्रश्न आमच्या मांजरीमुळे माझ्यापुढे उभा राहिला.

अमरावतीच्या आमच्या घरी ती एकाएकी मलूल झाली. हिरड्यांवर लाल ठिपके उमटले, नाकातून रक्त येऊ लागले. ताप असावा, असे समजून मी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी कुटून दुधात घातली. सुदैवाने, ते दूध पाजण्यापूर्वी अकोल्याच्या एका पशुवैद्यांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, “ती गोळी मांजराला विष आहे. त्याच्या यकृताला तिचा निचरा करता येत नाही. रक्तातील तांबड्या पेशी निकामी होतात.” मी वाटी मोरीत रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी अकोल्यास तपासणी झाली. रक्तस्राव थांबविणाऱ्या प्लेटलेट पेशी तिच्याच शरीराने शत्रू समजून नष्ट केल्या होत्या. शरीर असे स्वतःवर उलटणार नाही, अशी विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एर्लिख या थोर शास्त्रज्ञाची धारणा होती. ते उलटते, हे पुढे सिद्ध झाले. प्रेडनिसोलोनने त्या पहारेकऱ्यांना आवरता येते; फार आवरले, तर खऱ्या शत्रूला दार मोकळे होते.

“माझ्या दुसऱ्या मांजराचे रक्त देऊ काय?” मी विचारले. डॉक्टरांनी तेथेही थांबविले. मांजरांत ए, बी आणि एबी असे रक्तगट असतात. बी गटाच्या मांजराला ए गटाचे रक्त पहिल्यांदाच दिले, तरी ते प्राणघातक ठरू शकते. दान करतानाही घेणाऱ्याची ओळख आधी करून घ्यावी लागते.

परतीच्या वाटेवर मी अंतर्मुख झालो. तिच्या शरीराचा हेतू रक्षणाचाच होता. माझाही तोच होता. दोघांपाशी उणीव होती ती ओळखीची. मग दोघेही सारखेच निर्दोष काय? नीतिशास्त्र टाळता येणारे अज्ञान आणि न टाळता येणारे अज्ञान असा भेद करते. रक्तातील पेशीला कोणाला विचारता येत नाही. मला येत होते. एका दूरध्वनीचेच अंतर होते. तो केला नसता, तर ‘मी प्रेमापोटी दिले’ हे म्हणणे खरे ठरले असते, पण पुरेसे नव्हे.

औषध अजून चालू आहे. ती जगेल किंवा न जगेल. मात्र कोणाचेही दुःख दिसले की हात पुढे करण्याआधी मी आता एक प्रश्न विचारतो. त्याने दया उणावत नाही. ती डोळस होते.