दहावीच्या निकालाची पाच कारणे

२०२५ च्या मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के, कोकण विभाग ९८.८२ वर, नागपूर विभाग ९०.७८ वर. लगेच चौकाचौकांत अभिनंदनाचे फ्लेक्स लागले. पण ज्या खेड्यातल्या हायस्कूलमध्ये दहावीला जेमतेम बारा मुले बसतात, तिथे टक्केवारी फार निर्दय वागते. एक मुलगा गणितात अडकला की शाळेचा निकाल ९१.६७. दोघे अडकले की ८३.३३. मोठ्या शाळेत एका नापासाची कुणी दखलही घेत नाही. इथे त्याच्यापायी शाळेचे नाव वर्षभर पारावर चघळले जाते.

कुणी मास्तरांना बोल लावतो, कुणी पोराला, आणि उरलेले म्हणतात, नशिबातच नव्हते. तिन्ही उत्तरांच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे: माणसाच्या हातून जे घडते, त्याचा कर्ता नेमका कोण?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात या प्रश्नाचा थेट विचार आहे. कोणतेही कर्म तडीस जायला पाच कारणे लागतात, असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवे दैव. एवढ्यावर गीता थांबत नाही. पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला खरे दिसत नाही, असेही ती पुढे बजावते. जुने भाष्यकार अधिष्ठान म्हणजे देह असे सांगतात. कर्म जिथे उभे राहते ती जागा, असाही अर्थ घेता येतो. गुणपत्रिकेवर मात्र पाचांतला एकच छापलेला असतो. मुलाचे नाव, बैठक क्रमांक, गुण.

बाकीची चार कारणे पाहायची तर बीड जिल्ह्यातल्या किंवा पाथर्डीकडच्या शाळेचा हजेरीपट उघडावा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टर-ट्रकांत संसार भरून ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात आणि परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. नववी-दहावीतली मुलगी बरोबर गेली तर फडाजवळच्या खोपीत धाकटी भावंडे सांभाळते. आजीजवळ गावी राहिली तर पाणी, शेण, चूल तिच्याच वाट्याला येते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे नोव्हेंबरपासून गैरहजेरीच्या खुणा लागत जातात. बोर्डाची परीक्षा याच हंगामात येते. जी गावी राहिली तिलाही हायस्कूल दुसऱ्या गावात असेल तर एसटी वेळेवर हवी. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट मिळतो, पण गाडीच आली नाही तर तो पास दप्तरातच राहतो.

घरच्या परिस्थितीचे हे वजन आकड्यांतही दिसले आहे. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे चार हजार शाळांतल्या सहा लाखांच्या आसपास मुलांचा अभ्यास मांडला. शाळाशाळांतल्या सोयींच्या फरकापेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती त्याच्या गुणांवर जास्त परिणाम करते, असे त्यांना आढळले. पुढे १९७१ मध्ये तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी त्याहून अवघड मुद्दा मांडला. जन्मजात बुद्धी कुणी कमावलेली नसते, आणि कष्ट करण्याची उमेदसुद्धा बऱ्याच अंशी घर आणि परिस्थितीच देतात. मग नव्वद टक्के मिळवणाऱ्याने ते सर्वस्वी आपले म्हणावे तरी कसे?

इथे एक धोका आहे. पाचवे कारण दैव म्हटले की हात झटकणे सोपे होते. मागच्या जन्मीचे संचित, भोगल्याशिवाय सुटका नाही, असे म्हणून गावेच्या गावे पिढ्यान् पिढ्या गप्प बसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात नेमके यावरच बोट ठेवले: गरिबी हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ मानले की शासन आणि समाज दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात.

हे ते अनुभवाने जाणत होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागले. या मुलाला वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शाळेचा झाडूवाला त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि पुन्हा आणायचे. पाणी पाजायला शिपाई नसेल तर तहान तशीच मारायची. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा ७५० पैकी २८२ गुण होते, अशी नोंद चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. म्हणजे ३७.६ टक्के. त्या गोणपाटात दैवाचा काय संबंध? ते माणसांनी अंथरायला लावले होते, आणि माणसांनाच ते उचलता येणार होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हेच ओळखले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर त्यांनी मुलांच्या बुद्धीचे मोजमाप करत बसण्याऐवजी त्यांच्या राहण्याखाण्याची सोय केली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली. तिथला शिधा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. अनेक घरांत जे नशीब मानून सोडून दिले होते, ते या नवराबायकोने अधिष्ठानाच्या खात्यात आणून ठेवले. त्यांच्या वसतिगृहात कष्ट मात्र मुलांनाच करावे लागत. कमवा आणि शिका यात सवलत नव्हती.

म्हणूनच पाच कारणे मानली तरी कर्ता पुसला जात नाही. चार महिने भावंडे सांभाळून जी मुलगी पस्तीस गुणांनी पास होते, तिच्या पस्तिसांत तिची स्वतःची धडपड किती मोठी असते हे उलट यातूनच दिसते. कायदा मात्र तिच्यापर्यंत पोचत नाही. शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वर्षांपर्यंतच, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. नववी-दहावी या हमीच्या कक्षेबाहेर राहते. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली, ती याच उणिवेच्या जवळ जाणारी आहे. म्हणून शाळेच्या निकालासोबत वर्षाची हजेरी, घरात पहिल्यांदाच दहावीला बसलेली मुले आणि शिक्षक नसलेले विषय यांचीही नोंद छापली जावी. आणि गाड्या भरायला लागण्याआधी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, या हंगामात नववी-दहावीतल्या कुणाची राहण्याखाण्याची सोय झाली आणि कुणाची अजून व्हायची आहे, हे सगळ्यांसमोर वाचून दाखवावे.